बोपदेवच्या पलीकडचा उतार

माझे यजमान अनंतराव निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत सायकलस्वार झाले. या वयात माणसं गुडघे सांभाळतात. आमच्याकडे सगळाच उलटा कारभार. दर रविवारी पहाटे बिबवेवाडीतल्या आमच्या घरासमोर गल्लीतल्या पुष्करची सायकलवाल्यांची टोळी जमायची आणि हे डोक्याला शिरस्त्राण बांधून लढाईला निघाल्यासारखे निघायचे. सिंहगडाचा पायथा, पानशेत, दिवे घाट, बोपदेव घाट. यांना सायकलीचं वेड नव्हतंच मुळी, वेड होतं इतिहासाचं. रस्त्यात एखादी वीरगळ, एखादं पडकं देऊळ दिसलं की थांबून व्याख्यान. बरोबरची मंडळी तोवर केळी खायची आणि मान डोलवायची.

ओळीत हे नेहमी सर्वांत मागे. "शेवटच्याला मागून कोणी ढोसत नाही," म्हणायचे.

या सायकलवाल्यांचा एक नियम आहे. ओळीने चालताना मागच्याला पुढच्याची पाठच दिसते, रस्ता दिसत नाही. म्हणून सर्वांत पुढच्याला खड्डा दिसला की त्याने त्या बाजूचा हात खाली करून बोटाने दाखवायचं आणि ओरडायचं. मग दुसऱ्याने तसंच तिसऱ्याला दाखवायचं. असं करत खूण शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. मधल्या एकाने जरी हात केला नाही, तर मागचा गेलाच.

आमचे हे तसेच गेले. मागच्या वर्षी भाद्रपदात, बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरताना, भिवरीच्या अलीकडे पावसाने रस्त्याची कड खचली होती. पुढचे चार जण नीट गेले, यांचं चाक त्यात गेलं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होते, मग नव्हते.

त्या दवाखान्याच्या जिन्याजवळ टोळी उभी होती. मी एकच विचारलं, "यांच्या पुढे कोण होतं?"

एक मुलगा पुढे आला. अभिनव त्याचं नाव. वाशिमकडचा, हिंजवडीत नोकरीला, टोळीत नवीनच आलेला. "मी होतो, काकू."

"हात केला होतास?"

त्याने मान खाली घातली. "नाही, काकू."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आवाज चढवायची सवय आहे. सगळा जिना ऐकत होता. आतमध्ये अजून यांचा श्वास चालू होता आणि बाहेर मी त्या पोराला खुनी म्हणत होते.

तेराव्याला तो आला, तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवला. त्याने टोळी सोडली. पुष्करकडून कळलं की सायकल पोत्यात गुंडाळून ठेवली आहे आणि कुणाचा फोन उचलत नाही. दिवाळीनंतर त्याच्या आईचा मला फोन आला. "बाई, पोरगा धड जेवून नाही राहिला. एकडाव त्याच्याशी बोला जी." मी फोन ठेवून दिला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा पुष्कर घरी आला. टोळीला काकांच्या नावाने त्याच रस्त्याने सासवडला जायचं होतं, संगमेश्वराच्या देवळापर्यंत. चालेल का, विचारायला आला होता.

"मीही येणार," मी म्हटलं.

"या ना काकू. तनयाताई गाडी घेऊन येतील मागून?"

"लेकीला आणि तिच्या गाडीला घरी राहू दे. सायकलवर येणार."

शाळेत असताना मी शनिवार पेठेतून कर्वे रोडला सायकलनेच जायची, त्यात काही आगळं नव्हतं. पण मधे जन्म गेला होता. उन्हाळाभर गुपचूप सराव केला होता मी, खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन परत. कशासाठी, ते मला पक्कं माहीत होतं. मला ती जागा सायकलवरून बघायची होती. एक हात खाली करायला असे किती कष्ट पडतात, तेवढं मला समजून घ्यायचं होतं.

"आणि पुष्कर, त्या अभिनवला बोलाव. मी शेवटी असेन. तो माझ्यापुढे चालवेल."

पुष्कर माझ्याकडे बघत राहिला. "काकू, हे जरा…"

"जरा काही नाही. सांग त्याला, मी बोलावलंय."

तो आला. ओळखू येईना इतका वाळला होता. नमस्काराला वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले.

आम्ही उजाडता उजाडता निघालो. कोंढवा मागे पडेपर्यंत मी त्याच्या पाठीशिवाय काही पाहिलं नाही. आणि तो हात करत होता. खड्डा आला, हात. खडी आली, हात. गतिरोधकाला हात, शेणाला हात, रस्त्याकडेला झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा हात. प्रत्येक वेळी "काकू, डावीकडे", "काकू, उजवीकडे". मला संताप येत होता. आता करतोयस होय रे, असं ओरडावंसं वाटत होतं.

घाटात माझा दम संपला. अर्ध्यावर उतरून मी सायकल ढकलत निघाले. बाकीचे पुढे गेले. अभिनवही उतरला आणि माझ्यापुढे चालू लागला. मागे वळला नाही. मी थांबले की तोही थांबायचा. वर पोचल्यावर पुष्करने चहा आणून दिला, तो मी उभ्याउभ्याच प्यायले. खाली पुणं धुरकट पसरलं होतं. यांनी इथे उभं राहून किती रविवारी काय काय सांगितलं असेल, असं मनात आलं.

मग उतार सुरू झाला. मोठा उतार नव्हे, आपोआप चाक फिरेल इतपतच. हवा गार होती. भिवरी जवळ आलं तशी मी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. मनाशी ठरवलं होतं, आता फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. त्याने हात केला की तिथेच थांबायचं आणि विचारायचं, एवढंच करायचं होतं ना रे?

एक वळण आलं. झाडी सरली आणि उजव्या हाताला एकदम पुरंदर उभा राहिला. शेजारी वज्रगड. पावसाने सगळा डोंगर हिरवा झालेला, वरच्या तटावर नुकतं ऊन आलेलं. मी कॅलेंडरात पाहिला होता पुरंदर. यांच्या तोंडून तर रोज जेवताना ऐकला होता. पण असा समोर कधी पाहिलाच नव्हता.

"काकू! डावीकडे! काकू!"

माझं चाक धाडकन उडालं. कसाबसा ब्रेक दाबला आणि पाय टेकला. मागे पाहिलं तर रस्त्याच्या कडेला नव्या डांबराचं काळं ठिगळ होतं. खचलेली कड आता बुजवलेली होती, एवढाच फरक. नाहीतर मीही तिथेच गेले असते.

पुढे अभिनव सायकल टाकून माझ्याकडे धावत येत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "लागलं का? काकू, मी कधीचा हात करत होतो, तुम्ही…"

मी गडाकडे पाहिलं, मग त्या ठिगळाकडे, मग त्याच्याकडे.

"त्या दिवशीही केला होतास," मी म्हटलं.

"नाही, काकू."

"अभिनव, खोटं बोलणारी मुलं मी जन्मभर पाहिली आहेत. पण ती स्वतःला वाचवायला खोटं बोलायची. केला होतास ना?"

तो खाली बसला, रस्त्याच्या कडेलाच. "केला होता. ओरडलोही होतो. काकांचं लक्ष नव्हतं. एक हात वर होता त्यांचा, गडाकडे."

"मग मला 'नाही' असं का म्हणालास?"

"काका आत होते. तुम्ही बाहेर उभ्या. त्यांचीच चूक होती असं कसं सांगणार होतो मी तुम्हाला?" त्याने तोंड पुसलं. "आणि त्यांची एकट्याची नव्हतीच. मीच विचारलं होतं. वळणावरून दिसला म्हणून मागे बघून विचारलं, काका, तो कुठला गड? लगेच पुढे पाहिलं तर खड्डा. पण तोवर ते सांगायला लागले होते. 'पुरंदर' म्हणाले. तेवढंच ऐकू आलं."

मला रडू फुटलं. वर्षभर आलं नव्हतं असं. आणि त्याबरोबर संतापही, पण या पोराचा नव्हे. अहो, एक हात तरी हँडलवर नीट धरायचा होता की नाही! रस्त्याकडे बघून सांगता आलं नसतं? गड काय पळून जाणार होता? मी हे सगळं मोठ्याने बोलत होते, भर रस्त्यात, आणि दुधाच्या गाडीवरचा माणूस वळून बघत गेला.

मग जरा शांत झाले तेव्हा मला दिसलं ते हे, की शेवटच्या क्षणी कुणीतरी यांना विचारलं होतं. यांना कधी कुणी विचारत नसे. टोळी केळी खात मान डोलवायची आणि मी "हो, माहीत आहे" म्हणून पानं उचलायची. हा कुठला कोण वाशिमचा मुलगा, याने मागे वळून विचारलं. किती खुलले असतील ते. आणि त्याच पोराला मी वर्षभर खुनी ठरवून बसले होते.

मी त्याच्या शेजारी बसले. "अभिनव, मी फार वाईट वागले तुझ्याशी. मला माफ कर."

"नका म्हणू काकू असं. मी विचारलं नसतं तर…"

"विचारल्याने माणूस मरत नाही."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं. नुसतं सांगून पटणारही नव्हतं.

"परत विचार," मी म्हटलं.

"काय?"

"त्यांना विचारलं होतंस ते. मला विचार."

"नाही जमणार, काकू."

"मी बसले आहे. मला घाई नाही."

पुढे गेलेली टोळी काळजीने परत येत होती. पुष्कर लांबून काहीतरी विचारत होता, मी त्याला हाताने तिथेच थांबवलं. अभिनव दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. शेवटी त्याने मान वर केली आणि समोर पाहिलं.

"काकू, तो… तो कुठला गड?"

"पुरंदर," मी म्हटलं, "आणि शेजारी तो बुटका दिसतो ना, तो वज्रगड. दिलेरखानाने आधी तो घेतला. मग इकडे पुरंदरावर मुरारबाजी होते…" आणि मी त्याला सगळं शेवटपर्यंत सांगितलं.