माझा दमा आणि विशाखाची परीक्षा

मी लिंबाजीचा बाजा बोलतोय. म्हणजे पेटीच हो, पण जळकोटात आमच्या गल्लीत मला बाजाच म्हणतात. जरा सावकाश बोलीन. वय झालंय.

शाळा मी पाहिली नाही. माझ्या पोटात सूर बसवले त्या कारागिरानं मला त्यांची नावं काही सांगितली नाहीत. लिंबाजीलाही ती ठाऊक नव्हती. त्याची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत एसटीच्या टपावरून मी गावोगाव हिंडलो. तो पुढं गायचा, त्याची बायको नागुबाई मागं उभी राहून झील धरायची. धूळ, ऊन, पानाचे शिंतोडे, सगळं मी पोटात घेतलं. लिंबाजी गेला, तशी पार्टी मोडली. मग सात वर्षं मी चादरीत गुंडाळून माळ्यावर.

मला खाली काढलं सुनेनं, विशाखानं. ती गावातल्या एका शाळेत बालवाडीवर होती. शाळेनं सांगितलं होतं, गाण्याची प्रवेशिका पूर्ण परीक्षा पास हो, गाण्याचा तास तुला देतो. लेखीची तिला भीती नव्हती. थाट, वादी, संवादी, तालाच्या मात्रा, सगळं भाकरी थापता थापता पाठ. भीती तोंडीची. परीक्षक सूर वाजवणार आणि न बघता ओळखायचे. गेल्या वर्षी नांदेडच्या केंद्रावर ती तिथंच अडकली होती.

रोज संध्याकाळी ती माझ्याकडं पाठ फिरवून बसायची. नागुबाई मनाला येईल ती पट्टी दाबायची.

"गंधार!"

"मला काय ठाऊक बाई. बोट ठेवलंय, वळून बघ."

गंधारच असायचा. दहातले दहा बरोबर.

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा तिनं मला उदगीरला पेट्या दुरुस्त करणाऱ्या गुरुपादप्पांकडं नेलं. त्यांनी भात्याला नवं चामडं लावलं, सूर घासूनपुसून काढले, पट्ट्यांखालचं कापड बदललं. लई वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक. "पंचम." नव्हता. "धैवत." तोही नव्हता. दहातले दोन.

"काल तर धडाधडा सांगत होतीस!" नागुबाई म्हणाली.

विशाखा हळूच म्हणाली, "आत्या, गंधार दाबला की फुसफुस यायची. पंचमाची पट्टी टकटक करायची. मी त्याच्यावरून सांगत होते. नांदेडची पेटी धड होती, म्हणून तिथं काहीच कळलं न्हाई."

नागुबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बाई! म्हंजे गाणं न्हाई, ह्या म्हाताऱ्याचा दमा शिकलीस की!"

दोघी हसल्या, पण विशाखाच्या डोळ्यांत पाणी होतं. "शाळा आणखी एक वर्ष थांबायची न्हाई, आत्या."

"मिटव ह्या बाजाला. आम्ही झीलकरी मागं उभं राहायचो, भोंग्याचं तोंड पुढं. बाजा कुठं ऐकू येत होता? सूर आपल्या पोटात धरावा लागायचा. तू सा लाव. नावं तू घे, ढळलीस तर सांगायला मी हाय."

आठ दिवस माझा भाता कुणी उघडला नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. नवा नवा श्वास आणि तो कोंडून. पण ऐकत होतो. भांडी घासताना ती सा धरायची, एकेक सूर चढायची, पोचल्यावर त्याचं नाव घ्यायची. जरा घसरली की अंगणातून नागुबाई, "उतरलीस! परत सा वर ये."

नवव्या दिवशी मला उघडलं. नागुबाईनं भलतीच पट्टी दाबली. "आज ह्याला सा म्हण." विशाखानं डोळे मिटून तो सा गुणगुणला. पुढची पट्टी वाजली. ती मनातल्या मनात चढत गेली.

"मध्यम."

वळून बघितलं. मध्यमच.

परीक्षेला मला नेलं नाही. परतली ती चप्पल न काढताच सांगू लागली, "परीक्षकांनी सा दिला. मी म्हटलं, सर, एकदा मला म्हणू द्या. म्हणाले, म्हणा की! पाचातले चार आले, आत्या."

"असू दे. एक त्यांच्याकडं राहू दे," नागुबाई म्हणाली.

निकाल लागला, आणि जूनपासून गाण्याचा तास विशाखाचा आहे. स्कुटीवर तिच्या पायाशी बसून मी शाळेत जातो. वर्गात चाळीस पोरं, सगळ्यांना माझ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची घाई. ठेवा रे बाळांनो, माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी तुमचा तुमचा सा लावून बघा. बेसूर आला तरी लावा. तोवर मी भाता मिटून बसतो. मला घाई नाही.