पत्रा धरणारा

हिवाळा सरता सरता अमशीर महिना लागला की इजिप्तमधल्या तंता शहरात गॅरेजांच्या गल्लीत धुळीचा असा वारा सुटतो की रंगारी चार-चार दिवस हात बांधून बसतात, आणि डेंटर लोक त्यांना चिडवत पत्रे ठोकत राहतात. त्या वर्षी डेंटरांतला उस्ताद, उस्ता मितवल्ली, मात्र कुणालाच चिडवत नव्हता. त्याच्या गॅरेजात बसने मागून ठोकरलेली एक लाडा टॅक्सी आठ दिवस नुसती उभी होती. मागच्या चाकावरचा पत्रा कापून नवा बसवायचा होता. नवा पत्रा आला होता, वेल्डिंगचं यंत्र ठीक होतं, मितवल्लीचा हातही अजून स्थिर होता. पत्रा धरायला माणूस नव्हता.

माणूस म्हणजे शहाता, त्याचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं पत्रा त्यानेच धरला. दोन पत्र्यांमध्ये नखाच्या जाडीची फट ठेवावी लागते. कमी पडली तर उष्णतेने पत्रा फुगून वाकडा होतो, जास्त झाली तर भोकं पडतात. ती फट शहाता बोटांनी जोखायचा, दोन्ही तळवे रोवायचा, मान फिरवून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मार, उस्ता." काळी काच गॅरेजात एकच, आणि ती वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावर. धरणाऱ्याने डोळे मिटायचे, हीच गल्लीची रीत. पण मिटल्या डोळ्यांना पत्रा सरकलेला कळतो थोडाच? म्हणून शहाता मधूनमधून डोळे किलकिले करून बघायचा. रात्री डोळ्यांत वाळू शिरल्यासारखं झोंबू लागलं की आई बटाट्याच्या चकत्या बांधायची, आणि सकाळी स्वारी पुन्हा हजर.

पलीकडच्या रस्त्यावरचा एक डेंटर तेव्हाही पत्र्याला पकडणारे क्लॅम्प लावून एकट्याने काम करायचा. यांचा बाप त्याला हसायचा. "ज्याला भाऊ नाही त्याने लोखंडाचे भाऊ करावेत," म्हणायचा. पोरांनी ते वाक्य बापाच्या माघारी मोठ्या अभिमानाने चालवलं. मूर्खपणाला एकदा वाडवडिलांचं नाव चिकटलं की मग त्याला कुणी मूर्खपणा म्हणत नाही.

आता शहाताला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मितवल्लीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की डोळ्यांचा मागचा पडदाच जळालाय, यावर इलाज नाही. मितवल्लीने बाहेर येऊन भावाला सांगितलं, "ईदनंतर ऑपरेशन करू म्हणाले." एवढं एकच खोटं तो बोलला, आणि तेव्हापासून ते रोज नव्याने बोलावं लागत होतं. शहाता रोज त्याच्या दंडाला धरून गॅरेजात यायचा, दाराशी खुर्चीत बसायचा आणि डोळ्यांना चांगली म्हणून गाजरं चावत ईदचे दिवस मोजायचा.

मंगळवारी टॅक्सीवाला हाज बय्यूमी उगवला.

"काय उस्ता, माझी गाडी इथे अंडी घालायला बसलीय का?"

"शहाताचे डोळे जरा बरे होऊ देत, हाज."

"ईदनंतर ऑपरेशन आहे," शहाता खुर्चीतून म्हणाला. "मग अशी करून देतो की तुझी बायकोसुद्धा गाडी ओळखणार नाही."

"ती मलाच ओळखत नाही रे, आठ दिवस घरी बसलोय तर!" हाज हसला. मग मितवल्लीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "वल्लाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पण गुरुवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडे नेतो. पोरं उपाशी ठेवू का?"

त्याचंही खरंच होतं. मितवल्लीने त्याला गुरुवारचा शब्द दिला. मग कुणा दुसऱ्याला धरायला बोलवावं का, असा विचार त्याच्या मनात आला. पण शहाताच्या देखत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, आणि त्यालाही डोळे मिटायला सांगायचं? ते काही त्याच्याने होईना.

बुधवारी सकाळी त्याने भंगाराचा डबा उपडा केला. करवतीची तुटकी पाती निघाली, जुने बोल्ट, अँगलचे तुकडे. पाती लाल करून त्याने राखेत मुरवत ठेवली, म्हणजे मऊ पडून त्यांत भोक पाडता येतं. प्रत्येक बोल्टच्या टोकाला चीर पाडून तीत पातं वेल्ड केलं. पातं दोन पत्र्यांच्या मधून आत जाणार, आतून त्याच्या भोकात खिळा अडकणार, बाहेरून अँगलचा तुकडा बसवून नट आवळला की दोन्ही पत्रे एका पातळीत येणार. आणि फट आपोआप पात्याच्या जाडीएवढी, ना कमी ना जास्त. कुणाला विचारावं लागलं नाही की काही विकत आणावं लागलं नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं त्याचं चाललं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं. म्हणूनच पहिला क्लॅम्प घट्ट बसला तेव्हा त्याला आनंद झाला नाही. त्याने दुसरं पातं घासायला घेतलं.

"काय घासतोयस एवढं?" शहाताने दोनदा विचारलं.

"बिजागऱ्या," मितवल्ली म्हणाला.

गुरुवारी दुपारपर्यंत बारा क्लॅम्प झाले. ते सगळे सांध्यावर लावून तो कोपऱ्यावर चहा आणायला गेला. वेल्डिंग सुरू करण्याआधी जरा धीर गोळा करायचा होता, दुसरं काय. परत आला तर खुर्ची रिकामी होती. शहाता टॅक्सीपाशी वाकून उभा होता आणि त्याची बोटं सांध्यावरून सावकाश पुढे सरकत होती. एकेका क्लॅम्पपाशी थांबत होती.

"बारा," शहाता म्हणाला. "बऱ्याच बिजागऱ्या लागतात रे एका लाडाला."

मितवल्लीने चहाचे पेले टॅक्सीच्या टपावर ठेवले.

"फट बघ कशी सारखी आलीय," शहाताने नख फटीतून फिरवलं. "माझी शेवटी शेवटी थोडी हलायची. हे हलत नाहीत." मग तो म्हणाला, "ऑपरेशन नाहीये ना?"

"नाही."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. पडदा जळालाय म्हणाले. मला सांगवेना रे, शहाता. रोज ठरवायचो."

"म्हणजे दोन महिने गाजरं मी उगाच खाल्ली," शहाता म्हणाला आणि हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. हात मात्र त्याने क्लॅम्पवरून काढला नाही. नट चाचपला, अँगलची धार चाचपली, आत हात घालून खिळा चाचपला. एकतीस वर्षं पत्र्यात काढलेला माणूस. वस्तू कशी केलीय हे त्याच्या बोटांना सांगावं लागत नाही.

"किती वेळ लागला हे करायला?"

मितवल्लीला खोटं बोलता आलं असतं. महिनाभर डोकं चालवत होतो, सामान कैरोहून मागवलं, असं काहीही. पण आता त्याला खोट्याची किळस आली होती.

"काल सकाळी बसलो. मघाशी संपलं."

"दीड दिवस."

"हो."

"आणि सामान?"

"इथलंच. भंगारातलं."

बाहेर वाऱ्याने कुणाचा तरी पत्रा भिंतीवर आपटला. शहाताने मान वळवली, भावाच्या आवाजाच्या अंदाजाने त्याच्याकडे तोंड केलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, जसं एखाद्याला वेळ विचारावी.

"मग आधी का नाही केलेस?"

मितवल्लीने उत्तर शोधलं. गल्लीची रीत सांगावी, बापाचं नाव पुढे करावं, काम एवढं असायचं की सवडच नव्हती म्हणावं. सगळं जिभेवर येऊन गेलं. तोंडातून मात्र जे खरं होतं तेच निघालं.

"तू होतास ना," तो म्हणाला.