आमच्यात न्हाई असलं

जुईलीला तापात आकडी आली आणि घरातले सगळे एकदम डॉक्टर झाले. सगुणाबाईंनी नातीच्या नाकाला कांदा लावला. त्यांचे धाकटे दीर जयसिंगतात्या यांचा कांद्यावर भरवसा नव्हता, त्यांनी पायातली चप्पल काढून हुंगवली. चप्पल महागाची होती, म्हणजे गुणही तसाच येणार. दोन वर्षांची पोर डोळे फिरवून हातपाय झटकत होती आणि तिचा बाप कैलास तिच्या दातांत चमचा घालायला बघत होता. तेवढ्यात आकडी आपली आपणच थांबली. श्रेय कांद्याचं की चपलेचं, हा वाद गाडीत भूगावपासून बावधनपर्यंत चालला.

बावधनच्या डॉक्टर सुनीतींनी आधी चमच्याबद्दल कैलासला झापलं. पोरीला तपासून म्हणाल्या, "ताप घशाचा आहे. या वयात मेंदू कच्चा असतो, ताप चढला की काही मुलांना अशी आकडी येते. पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेकांची थांबते. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात. पुष्कळदा हे रक्तातूनही येतं. घरात कुणाला लहानपणी..."

"आमच्यात न्हाई असलं," सगुणाबाई म्हणाल्या. प्रश्न पुरा व्हायचा होता.

"तिच्या आईकडं आसंल," तात्यांनी भर घातली.

"आईला विचारता येईल?"

"ती गेली," कैलास म्हणाला. "काविळीनं. आठ महिने झाले."

मेलेल्या माणसाची ही एक सोय असते, उलट बोलत नाही. घरी पोचेपर्यंत आकडी रेश्माच्या नावावर चढलीसुद्धा. जिवंतपणी तिच्या नावावर या घरातलं काहीच नव्हतं. शेत विकून बांधलेली चार मजली इमारत सासूच्या नावावर, गाडी तात्यांच्या. आकडी तेवढी तिची.

संध्याकाळी कैलासनं पौडला सासूबाईंना फोन लावला.

"मामी, रेश्माला ल्हानपणी तापात झटकं यायचं का वो?"

"न्हाई वो कैलासराव. का?" आणि मग त्यांना सगळं समजलं. "आता ह्ये बी तिचंच का? पोरीला बघाया येऊ का नको, तेवढं सांगा."

"सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. सांगितलं काहीच नाही. मोठा शूर गडी.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण सगुणाबाईंचं समाधान झालं नव्हतं. पोरीच्या पोटावर डाग द्यायचा, मग आकडी परत दारात यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तात्या दाभण घेऊन हजर झाले. अडचण एकच होती. नव्या किचनमधली काचेची शेगडी विजेवर चालायची, आणि तिच्यावर ठेवलेलं दाभण काही केल्या तापेना. शेगडी नुसतीच टुकटुक वाजायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या भाडेकरणीकडं गॅस होता, पण कशाला हवा म्हणून तिनं विचारलं असतं. शेवटी देव्हाऱ्यातली समई कामाला आली.

"आये, डाक्टरनी काय सांगितलं?" कैलासनं जुईलीला उचलून घेतलं.

"त्यांला काय कळतंय? पोटावर टिकलीएवढा डाग. लेकरू रडतंय आन् इसरतंय."

"न्हाई द्यायचा."

"आरं येड्या, भितुयास काय?" तात्या समईवर दाभण फिरवत म्हणाले. "तुला न्हाई का दिला? दीड वर्साचा हुतास. ताप आला का दातखीळ बसायची. लागोपाठ तीनदा. मीच धरला हुता तुला. झाला न्हाईस का खडखडीत?"

सगुणाबाईंनी दिराकडं असं पाहिलं, की दाभण त्यांच्या नजरेवरही तापलं असतं.

कैलास खाली बसला. त्यानं एका हातानं सदरा वर केला. बेंबीच्या डाव्या अंगाला जुना गोल डाग होता. लहानपणी दुधाचं पातेलं अंगावर उलटलं, असं आईनं सांगितलेलं. रेश्मा त्यावर बोट ठेवून म्हणायची, "दूध इतकं गोल कसं सांडलं वो तुमच्यावर?" तो हसायचा. तीही हसायची. तिला बहुतेक कळलं होतं.

"ह्यो दुधाचा ना, आये?"

"आता जुनं कशाला उकरतोस? तुझं लगीन जमायचं हुतं म्होरं. आसलं कोण सांगतं?"

"आन् काल दवाखान्यात? तितं माझं लगीन जमायचं हुतं?"

तात्यांनी दाभण वाटीतल्या पाण्यात टाकलं. ते चर्र वाजलं, आणि आवाज आवडल्यामुळे जुईली तापानंतर पहिल्यांदा हसली. आईसारखीच, खालचा ओठ दुमडून. कैलासला थोडा वेळ काही दिसेना.

मग त्यानं तिथंच, दोघांच्या देखत, फोन लावला.

"मामी, या तुमी. आत्ता निघा. पोरगी बरी हाय." "आन् ती आकडी रेश्माची न्हाई. माझी हाय. आमच्यातली हाय."

"मऊ भात खाईल का ती?" मामींनी विचारलं.

"खाईल की."

"मंग घिऊन येते."