अर्धवट जागी हरळी

रुग्णालयाच्या मागच्या हिरवळीवर पाय मोडलेले पेशंट पुन्हा चालायला शिकत. हिरवळ हरळीची होती. शेतकरी जिला शिव्या घालतो, तीच हरळी माळीणबाईंनी एकोणीस वर्षं लेकीसारखी वाढवली होती. थंडीत ती वाळून झोपी जाई आणि ऊन तापू लागलं की बुडातून फुटे. त्या मधल्या दिवसांत रानगवत मात्र हिरवंगार होऊन तिच्या उरावर बसे.

यंदा हरळी गाढ झोपेत होती तेव्हाच बाईंनी तणनाशक मागितलं होतं. देखरेखीचे साहेब म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने "बघू" म्हणत हिवाळा घालवला. मोठे पाहुणे हिरवळीवर चहाला येणार म्हटल्यावर मात्र तो धावत आला.

"ताई, आजच्या आज फवारून टाक!"

बाईंनी वाळलेलं गवत बोटांनी फाकलं. बुडाशी हिरवे कोंब होते. "ही जागी होतेय. आता औषध मारलं तर तणाबरोबर हीपण पिणार. मी खुरप्याने काढते. तीन आठवडे दे, बी धरायच्या आत संपवते."

"तुझं खुरपं चालेपर्यंत पाहुणे येऊन जातील."

बाईंच्या सुट्टीच्या दिवशी त्याने बाहेरचा माणूस बोलावून सगळीकडे फवारा मारला. दहा दिवसांत तण पिवळं पडलं, आणि हरळीचे कोंबही करपले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं.

"तुम्ही भलत्या वेळी औषध मारलंत, असं साहेब म्हणतात."

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी सोबत आणलेला करपलेल्या गवताचा गड्डा मातीसकट त्याच्यासमोर आपटला.

"माझ्याकडे बघून बोल! मी नको म्हणाले तेव्हा तुझे कान कुठे होते? माझ्या पाठीमागे माझं गवत मारलंस आणि पाप माझ्या माथी? शेण खायचंच होतं, तर निदान तोंड पुसायला माझा पदर घ्यायचा नव्हतास!"

 तो पुटपुटला, "मीच फवारायला लावलं."

डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच झापलं. पाहुण्यांचा चहा आत ठेवला आणि हिरवळीभोवती दोर बांधला. उरलंसुरलं तण बाईंनी खुरप्याने काढलं, हरळीच्या काशांवरची, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या मुळखोडांवरची माती भुसभुशीत केली, पाणी धरलं. हरळी जात्याच चिवट. महिन्याभराने निम्मी फुटली. उरलेल्या टकलावर बाईंनी कुंपणाकडच्या काशा आणून लावल्या.

त्या लावत असताना भाऊ बाजूला येऊन उकिडवा बसला. "ताई, चुकलं माझं."

"गवत मारलंस, ते मी निस्तरतेय. खोटं बोललास, ते कोण निस्तरणार?" बाई वर न बघता म्हणाल्या. "ऊठ. काशांवर बसलायस."