पहिली सलामी सुपारीवाल्याला

राजकुमार बँडवाल्याच्या वाट्याला जायचं नाय, एवढी अक्कल उस्मानपुऱ्यात लहान पोरालाही होती. एकदा एका नवरदेवाच्या बापानं अर्ध्या वरातीत राहिलेले पैसे द्यायला टाळाटाळ केली. राजकुमारनं बँडला खूण केली आणि बँडनं अंगाई सुरू केली. घोडा पेंगायला लागला, नाचणारी पोरं फुटपाथावर बसली, मुहूर्त टळायची वेळ आली. बापानं मुकाट खिशात हात घातला. राजकुमारनं नोटा मोजल्या, तुताऱ्यांना हात वर केला आणि घोडा दचकून असा उधळला की नवरदेव सगळ्यांच्या आधी मंडपात.

पण त्या उन्हाळ्यात राजकुमारचीच वरात अडली होती. डीजेनं धंदा खाल्ला होता. सोनेरी झालरीचे लाल कोट दुकानात खिळ्याला लटकून होते. क्लॅरिनेटवाले सर्जेराव दुपारभर पत्ते पिसायचे, ढोलावरचा इंद्रजीत एका हाटेलात पाणी वाटायला जायचा. अशात एक तरुण दुकानासमोर मोटारसायकल लावून उतरला. अंगाला चिकटलेला शर्ट, केसांत अडकवलेला गॉगल, कानात इयरफोनची बोंडं.

"मास्तर, परवा संध्याकाळी हडकोत एक तास वाजवायचंय. साडेसातला."

"लगीन?"

"नाय."

"बारसं? बड्डे?"

"सरप्राइज हाय. पत्ता पाठवतो. टेन्शन नक्को लेव, ॲडव्हान्स अब्बी मारतो." त्यानं भिंतीवरचा चौकोन स्कॅन केला आणि पैसे पडल्याचा आवाज दुकानात घुमला. राजकुमारच्या फोनवर नाव उमटलं, प्रणय.

"परवाच कामून?" राजकुमारनं विचारलं.

"परवा तिथं पाणी येतं."

राजकुमारच्या मनात किडा तिथंच वळवळला. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात पाण्याच्या दिवशी कोण सरप्राइज ठेवतं? त्या दिवशी लोक मयतीलासुद्धा टाकी भरून निघतात.

संध्याकाळी प्रणयचा आवाजी मेसेज आला. राजकुमारनं सवयीनं स्पीकर लावला, सगळा बँड ऐकत होता.

"मास्तर, शेवयाच्या मशीनवाली रत्नमाला म्हणून बाई हाय. हप्ते थकवलेत. तिच्या दारासमोर उभं राहून दणकून वाजवायचं. मधी मधी माइकवर नाव घेऊन विचारायचं, रत्नमालाबाई, हप्ता कधी देता? सगळी गल्ली पाण्यावर असती, सगळ्यांनी ऐकलं पायजे. बाई रडत बाहेर आली पायजे. तेवढा व्हिडिओ मला टाका."

सर्जेरावांनी पत्ते खाली ठेवले. "पैसे परत कर," ते म्हणले.

"परत केले तर तो दुसरा बँड नेईल," इंद्रजीत म्हणला. "सीझन नाय कुणाला. कुणीबी जाईल."

राजकुमार खिळ्यावरच्या लाल कोटाची झालर चाचपत राहिला. त्याला त्याचा आजा आठवला होता. कडुबा. देवगाव रंगारीला कडुबा हलगी वाजवायचा, पाटलाचा सांगावा आला की कुणाच्याही दारात जाऊन. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्यानं हलगी उतरवली आणि परत खांद्याला लावली नाय. पुढं नातवानं बँड काढायचं म्हणल्यावर घरात कुरकुर झाली, तेव्हा म्हाताराच म्हणला होता, "वाजवू द्या पोराला. खुशीनं वाजवायला माझी ना नाय. हुकमानं कुणाच्या दारात जाऊ नको म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी राजकुमार जागा बघायला म्हणून एकटाच हडकोत गेला. गल्लीच्या टोकाला शेवया-कुरडयांचा बोर्ड होता आणि त्याखाली शटर. भर उन्हाळ्यात, शेवयांच्या ऐन दिवसांत, शटर गुडघ्याएवढंच उघडं. आतून दोन पावलं दिसत होती.

"कोन हाय?"

"बँडवाला."

"इथं कुणाचं लगीन नाय."

"ते मलाबी म्हाईत हाय ताई. लगीन नसताना सुपारी दिलीय कुणीतरी. म्हणून विचारायला आलो."

पावलं मागं सरकली. मग शटर कमरेपर्यंत वर झालं. चाळिशी ओलांडलेली बाई, उजवं मनगट पट्टीत बांधलेलं. राजकुमारनं फोन पुढं धरला आणि मेसेज लावला. ऐकता ऐकता ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"हाच आवाज," ती म्हणली. "रोज निराळा नंबर, आवाज हाच. मी हेड ऑफिसचा साहेब बोलतो, म्हणतो. बाकी काय काय म्हणतो ते तुम्हाला नाय सांगू शकत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन कर्जावर घेतलं, हप्ते वेळेवर चालले होते. मग न्हाणीत पाय घसरून मनगट मोडलं, मशीन थांबलं, हप्तेही थांबले. तर यानं तिच्या गिऱ्हाइकांना फोन लावले, बाई चोर हाय, हिला ऑर्डर देऊ नका. शेजारच्या वच्छलाबाईला लावला. औरंगपुऱ्यात दुकानात कामाला जाणाऱ्या पोरीच्या मालकाला लावला.

"आणि हे चालत नसतं, मास्तर," रत्नमाला एकदम ताठ झाली. "सकाळी आठच्या आधी फोन नाय, संध्याकाळी सातच्या पुढं नाय. माणूस आला तर ओळखपत्र पायजे, कंपनीचं पत्र पायजे. शेजारीपाजारी, सोयरेधायरे, कुणाला त्रास द्यायचा नाय. चारचौघांत इज्जत काढायची नाय. रिझर्व्ह बँकेचा नियम हाय. कंपनीच्या तक्रारवाल्या बाईला मी तोंडपाठ म्हणून दाखवला."

"मग?"

"ती म्हणली, मॅडम, आमचे लोक असं करत नाहीत, पुरावा द्या. चौकीत गेले. ते म्हणले, नाव नाय, गाव नाय, तोंड बघितलं नाय, अर्जात लिहू काय? आता तोंड न दाखवणाऱ्याचं तोंड कुठून आणू?"

राजकुमारच्या मिशीत काहीतरी हललं. त्याच्या बायकोनं ते बघितलं असतं तर तिनं हातातलं काम टाकून त्याला घरात कोंडलं असतं.

"नाव, गाव, तोंड," तो म्हणला. "उद्या साडेसातला घरपोच आणून देतो. तुम्ही फक्त शटर उघडं ठेवा."

"मी उद्या सकाळच्या गाडीनं कन्नडला जाते, भावाकडं. पिशवी भरून ठेवलीय. ज्या गल्लीत मी खालमानेनं चालते तिथं बँड लावून नाव घेतल्यावर मी परत कशी राहू?"

"जा की. तुमची मर्जी. पण तुम्ही गेलात तर तो म्हणणार, पळाली."

शटर धाडकन खाली आलं. आता पावलंही दिसेनात. राजकुमार निघाला.

रस्त्यातच त्यानं प्रणयला फोन लावला. "साहेब, सगळं तयार हाय. पण बँडचा एक रिवाज हाय. पहिली सलामी सुपारीवाल्याला. सुपारीवाला समोर उभा राहून फेटा बांधत नाय तोवर आमचा ढोलवाला टिपरू उचलत नाय."

"अरे, मी कशाला? तुम्ही वाजवा ना."

"जबरदस्ती नाय. एखादा बुजरा असतो. पण माइकवर नाव पुकारतो आम्ही. तुमच्या ऑफिसात व्हिडिओ गेला तर मॅनेजर म्हणल, पोरगा वाघ हाय."

पलीकडं मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला.

"फेटा कोणत्या कलरचा हाय?" प्रणय म्हणला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून राजकुमारचं जेवणात लक्ष नव्हतं. संध्याकाळी बँड गल्लीत शिरला तेव्हा बायाबापड्या पाइप, बादल्या, मोटरी घेऊन नळाला टेकल्या होत्या. रत्नमालाचं शटर जमिनीला लागलेलं. बाहेर एक रिकामी टाकी, पाइप नाय, मोटर नाय. गेली वाटतं, राजकुमार मनात म्हणला. नियम मोडला तो तिच्याबाबतीत, तक्रार तिची. तीच नसली तर ह्या सगळ्याची नुसती करमणूक होणार.

पण प्रणय आला होता. गॉगल, सेंट आणि हसू. राजकुमारनं त्याला गुलाबी फेटा बांधला, कपाळाला टिळा लावला. इंद्रजीतनं ढोलावर अशी सलामी ठोकली की वरच्या गच्च्यांवरून लोक वाकले. निम्म्या गल्लीनं फोन वर धरले.

राजकुमारनं माइक घेतला. "ऐका हो ऐका! आजचे आपले नवरदेव... आपलं, सुपारीवाले! पाव्हणे, नाव?"

"प्रणय!" माइक दणाणला.

"गाव?"

"फर्दापूर!"

"टाळ्या! लेणीवाल्या गावचा पाव्हणा! आणि आज आलात कशासाठी, सांगा गल्लीला."

आता प्रणयला चढली. त्यानं माइक तोंडाशी ओढला, कंपनीचं नाव घेतलं, मी तिथला वसुलीवाला म्हणून सांगितलं. "ह्या रत्नमालाबाईचे हप्ते थकलेत! फोन उचलत नाही! म्हणून मी हा बँड लावलाय! सगळ्यांना कळू द्या!"

"किती वाजले हो मावशी?" राजकुमारनं मधेच वच्छलाबाईला विचारलं.

"साडेसात होऊन गेले की! नळ कवाचा सुटलाय!"

"ऐकलं? साडेसात होऊन गेले." सलामी संपवून इंद्रजीत व्हिडिओ काढत होता, राजकुमारनं ते वाक्य त्याच्या फोनकडं तोंड करून नीट म्हणलं. मग शटरकडं बघितलं. पत्रा जागचा हलला नाय.

प्रणय खूश होता. "वाजवा मास्तर, कामून थांबले?"

आणि शटर खडखडलं. एका हातानं वर ढकलताना अडकत अडकत, पण पार वरपर्यंत गेलं. रत्नमाला बाहेर आली. रडत नव्हती. गल्लीतून चालत आली आणि राजकुमारपुढं हात केला. त्यानं माइक दिला.

"आवाज रोज ऐकते," ती प्रणयला म्हणली. माइकमधून तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तोंड आज बघितलं. हेड ऑफिसचे साहेब तुम्हीच का?"

प्रणयचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाय.

"काल फोनवर मला जे म्हणलात ते आता म्हणा. गल्ली ऐकतीय."

"ताई, ते... बोलण्याच्या ओघात..."

"ओळखपत्र दाखवा."

"घरी राहिलं."

"कंपनीचं पत्र?"

त्यानं फेट्याखालचा घाम पुसला. रत्नमाला गल्लीकडं वळली. "ऐका. हप्ते थकलेत, खरं हाय. हात मोडला म्हणून थकले. मी बुडवणार नाय, मशीन चालू झालं की देणार. पण कर्ज घेतलं म्हणजे अब्रू गहाण टाकली नाय. तशी टाकताबी येत नाय, कायदा हाय."

तेवढ्यात कुणीतरी शिवी हासडली. माणसं पुढं सरकायला लागली. वच्छलाबाईनं पाइपाचं तोंड थेट प्रणयच्या छातीवर धरलं. प्रणयनं डोळे मिटले.

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि पाइप परत टाकीत सोडला. "आठ दिवसांनी आलंय," ती म्हणली. "ह्याच्यावर कशाला घालू?"

हशा पिकला आणि रागाची धार गेली. "हात कुणी लावायचा नाय!" राजकुमार ओरडला. "पाव्हणे हायत! फेटा माझा हाय!" मग खोडी सुचली तशी डोळे बारीक करत म्हणला, "पाव्हणे, आई काय करती तुमची?"

"चहाचं हाटेल हाय. लेणीच्या रस्त्याला."

"मग हा व्हिडिओ पहिला तिला पाठवू. तुम्ही ताईंच्या पोरीच्या मालकाला फोन करता, आम्ही तुमच्या आईला. फिट्टंफाट."

प्रणयचा चेहरा एकदम शाळकरी पोरासारखा झाला. "मास्तर, नको," तो हळूच म्हणला. माइक जवळ होता, गल्लीनं ऐकलं.

"नाय पाठवायचा," रत्नमाला म्हणली.

"गंमत केली हो ताई."

"गमतीतबी नाय. तिनं काय केलंय? घरच्यांना मधी घ्यायचं नसतं, नियम हाय. त्याच्यासाठीबी हाय." ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. "प्या. आणि मग चला चौकीत. त्यांना नाव, गाव, तोंड पायजे होतं."

निम्म्या गल्लीच्या फोनात तोंड आल्यावर पळणार कुठं, म्हणून प्रणयही निघाला. एक तासाची सुपारी होती, बँडनं शब्द पाळला. पुढं ढोल, मधी फेटा बांधून मोटारसायकल ढकलणारा प्रणय, त्याच्या शेजारी रत्नमाला, मागं सर्जेराव नवरी पाठवणीची धून डोळे मिटून वाजवतायत. गल्लीतलं कुणी आलं नाय, नळ चालू होते. चौकीतल्या हवालदारानं अर्ज घेतला, आवाजी मेसेज ऐकला, व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा गरज नव्हती, पण फेटा त्याला लई आवडला.

व्हिडिओ कंपनीकडंही गेला. तक्रारवाल्या बाईचा फोन आला तो भर दुपारी, नियमाच्या वेळेत, आणि बाई "मॅडम" सोडून "ताई" म्हणत होती. माफी मागितली. रत्नमाला म्हणली, लेखी द्या. चार दिवसांत कागद आला, त्यात हप्ते लहान करून पुढं ढकललेले. प्रणयला कामावरून काढलं की दुसरीकडं टाकलं, ते नीट कळलं नाय. आपला फेटा तेवढा गेला, असं राजकुमार जिथं तिथं सांगत सुटला.

पुढच्या पाण्याच्या संध्याकाळी रत्नमालाचं शटर पार वर होतं. मनगटाची पट्टी सुटली होती, मशीन घरघरत होतं, तारांवर शेवया लटकल्या होत्या. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी हेड ऑफिसचा साहेब बोलतो," घोगरा आवाज आला. "हप्त्याचं काय?"

रत्नमालानं मशीन बंद केलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि तोंड उघडलं. "सात वाजून गेलेत! सातनंतर फोन लावायचा अधिकार तुला कुणी दिला? नाव सांग! गाव सांग! कंपनीचं पत्र हाय का? नसलं तर उद्याच तक्रार टाकते, तिथं नाय ऐकलं तर वर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल हाय, आणि त्याच्याआधी चौकी हाय, हवालदार माझ्या वळखीचा हाय!" आवाज असा की वच्छलाबाई पाइप सोडून बघायला आली.

उत्तराला आलं ते हसू, आणि तेही फोनमधून नाय, बाजूच्या भिंतीआडून. राजकुमार तिथं इंद्रजीतचा फोन कानाला लावून, पोट धरून, वाकून बसला होता.

रत्नमालानं त्याला बघितलं. आधी लाटणं शोधलं, मग तीही हसली.

"या मास्तर, या," ती म्हणली. "आधी ओळखपत्र दाखवा, मग शेवया मिळतील."