वावटळीची आसारी

मित्रांनो, मी येवल्याची एक जुनी आसारी. पतंगाचा दोरा गुंडाळतात, ती. कुणी मला फिरकी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हिरामण सुतारांनी मला ज्या बाभळीतून घडवलं, तिच्या फांद्यांत म्हणे एक वावटळ निजायची. रंधा फिरला आणि ती माझ्या पोटात शिरली. तेव्हापासून माझ्या पतंगावर ज्याचं नाव लिहावं, तो माणूस दोरा गुंडाळताच चालत येणार. पण हे कळणार कुणाला? पतंगावर माणसाचं नाव लिहितं कोण?

लिहिलं ते तेजलनं, येवल्याहून मी जिच्या घरी आले तिनं. नाशिक रोडच्या कॉलनीत तिची आणि रुद्रची गच्ची समोरासमोर. संक्रांतीला तिनं पतंगावर मनातल्या चार ओळी लिहून तो त्याच्या गच्चीवर उतरवला, आणि त्या शहाण्यानं त्या मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. सगळी गल्ली हसली. तेजलनं दात-ओठ खात दुसऱ्या पतंगावर त्याचं नाव लिहिलं आणि तो ढगांत सोडला. नंतर कितीही गुंडाळलं तरी पतंग खाली येईना, महिने गेले तरी तो वरच. खाली फाटकाशी येई तो रुद्र, झोपेत चालल्यासारखा.

त्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तीनदा तो बॅग घेऊन स्टेशनावर गेला आणि तीनदा, इकडे तेजलनं दोरा गुंडाळताच, फलाटावरून परत आला. तेजल खूश होती. खरं सांगते, मलाही माज चढला होता.

तिसऱ्यांदा तो फाटकाशी धुळीनं माखून उभा राहिला.

"तेजल, त्या दिवशी मी फार वाईट वागलो. माफ कर," तो म्हणाला. "पण हे मी बोलतोय की तू वदवून घेतेयस, तेच मला कळत नाही गं."

तेजलचा चेहरा उतरला. याच शब्दांसाठी ती झुरत होती, आणि आता ते खरे मानायची सोय उरली नव्हती. तिचा त्याच्यावर जीव होता हो.

ती गच्चीवर आली आणि ढील देत राहिली. मी गरगर फिरले. आकाश दोरा पीत होतं. शेवटी नुसतं लाकूड आणि एक गाठ उरली. ती तिनं दातांनी तोडली. दोऱ्यामागून वावटळही गेली. रुद्र संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला आणि तेजल खूप रडली.

दिवाळीच्या सुट्टीत फाटक वाजलं.

"मला कुणी ओढलं नाही," रुद्र म्हणाला.

"जायचं असेल तर अजून गाडी आहे," तेजल म्हणाली.

त्यानं चपला काढल्या.

मित्रांनो, मला माळ्यावर फेकू नका. माझ्यावर नायलॉनचा मांजा गुंडाळू नका, त्यानं पाखरांचे पंख कापतात. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याला ढील द्या. नाही आला तर पोटभर रडा. पण आला, तर तो तुमच्याचकडे आला असेल.