बिस्किटांच्या डब्यातला गोळा

आजचा गोळा हिरवट होता. नोलाने तो गवताच्या कोठारातून उजेडात आणून फोडला. घुबडाने उंदीर खाऊन ओकलेल्या त्या केसांना आणि हाडांना उंदरांच्या विषाच्या दाण्यांचा रंग होता. ते दाणे तिनेच आठवड्यापूर्वी नवऱ्याच्या खोलीतल्या कपाटामागे टाकले होते.

कोठारात वर तुळईवरच्या घुबडांच्या पेटीतून कालपर्यंत सहा पिल्लांचं फुसफुसणं ऐकू येई. आज काहीच नव्हतं. नर दोन दिवस दिसलेला नव्हता. आणि मादी भरदिवसा खाली गठ्ठ्यांच्या फटीत उभी होती. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, अर्धे मिटलेले काळे डोळे, चोचीच्या टोकाला रक्ताचा थेंब. डोक्यावरून गेली तरी जिच्या पंखांचा आवाज यायचा नाही, ती आता घरघरत होती. नोलाने तिला एप्रनमध्ये उचललं, तरी तिने पंजा मारला नाही. दहा मिनिटांत तिची मान नोलाच्या मनगटावर कलली.

नोलाचा नवरा व्हर्न चाळीस वर्षं आसपासच्या शेतांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करत फिरला. एका मोडक्या चक्कीच्या फळ्यांतून त्यानेच ही पेटी केली होती. उंदरांची साथ कितीही मोठी येवो, आपल्या शेतावर विष टाकायचं नाही, हा त्याचा नियम होता. पबमध्ये त्याला घुबडांचा जावई म्हणायचे, आणि तो ते खुशाल मिरवायचा. झटक्याने अर्धं अंग गेल्यापासून तो अंथरुणावर होता. रोज सकाळी नोलाने एक ताजा गोळा आणायचा, त्याने चालत्या हाताने फोडून आतल्या उंदरांच्या कवट्या मोजायच्या, आणि साथ अजून किती दिवस टिकेल ते सांगायचं, एवढंच काम त्याला उरलं होतं.

यंदा उंदीर जमीन सरकावी तसे आले. पलंगाचे पाय तिने पाण्याच्या डब्यांत ठेवले, तर ते पडद्यावरून उतरले. एका सकाळी पांघरूण काढलं तेव्हा ते व्हर्नच्या बधिर पायाचा अंगठा कुरतडत होते आणि व्हर्न शांत झोपला होता. त्याच दुपारी ती विष आणायला गावात गेली. दुकानदाराने विचारलं, व्हर्नला माहीत आहे ना? ती हो म्हणाली.

मादीला तिने पाण्याच्या टाकीमागे पुरलं. शिडी चढून पेटीत बघायची तिची हिंमत झाली नाही. व्हरांड्यात बिस्किटांचा डबा होता. शाळेतल्या मुलांना दाखवायला व्हर्न त्यात चांगले गोळे जमवायचा. तिने त्यातला सर्वांत मोठा निवडला, आणि ताज्यासारखा काळा चकचकीत दिसावा म्हणून पाण्यात बुडवून काढला.

"आज उशीर केलास, म्हातारे."

"मादी जवळ येऊ देत नव्हती. फार चिडलीय."

"पिल्लं असली की चिडणारच. तू काय कमी चिडायचीस?"

त्याने गोळा छातीवरच्या कागदावर धरून दाबला. वरचं ओलं साल फुटलं आणि आतून कोरडी भुकटी सांडली. जुन्या गोळ्यातले केस कसरीच्या किड्यांनी कधीच खाऊन टाकले होते. व्हर्न त्या भुकटीकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या पायाच्या बँडेजकडे बघितलं, मग कपाटाकडे. नोलाला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर तिने सगळं सांगून टाकलं असतं.

त्याने कवट्या एकेक करून वेगळ्या केल्या.

"सात," तो म्हणाला. "पोट भरलंय पोरीचं. पिल्लं?"

"सहाही आहेत."

त्याने मान हलवली. छतात खरखर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. पलंगाशेजारची खिडकी सताड उघडी होती. संध्याकाळी घुबडांची किंकाळी ऐकू यावी म्हणून थंडीतसुद्धा तो ती लावू देत नसे. त्यावरून दोघांची किती भांडणं झाली होती.

"नोला, ती खिडकी लावून टाक. उंदीर येतात."

तिने खिडकी लावली. कडी घालून ती तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"ये इकडे," तो म्हणाला.

ती पलंगावर बसली. व्हर्नने सातही कवट्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि आपल्या चांगल्या हाताने तिची मूठ मिटली.